आधी दाबायचं, मग बोलायचं

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, कुलपं दुरुस्त करतात आणि किल्ल्या बनवून देतात. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. उभं राहिलं की टाळूला पायरी लागते, म्हणून ते दिवसभर बसूनच असतात. संध्याकाळी दुकान बंद करताना कुलूप ओढून बघतात, चार पावलं चालून परत येतात, पुन्हा ओढतात, आणि कोपऱ्यावर पोचले की एकदा वळून बघतात. लग्न झालं तेव्हा ताईला वाटलं होतं की दुकानात सोनं असेल. आत बघितलं तर कानसांचे दोन डबे आणि एक मोडकं स्टूल.

तर एवढा सावध माणूस. आणि याच माणसाने एकदा माझ्या आईला पेट्रोल पंपावर सोडून गाडी हाकली.

म्हणजे एकट्याने नव्हे, आम्ही सगळ्यांनीच. आपलेच दात, आपलेच ओठ. आईची थोरली बहीण, आमची अक्कामावशी, घाटापलीकडच्या गावात राहते. तिच्याकडे तीन गाड्या घेऊन चाललो होतो. पुढे भावोजी, ताई आणि मी. मधे मामा-मामी. मागे दादा आणि वहिनी. आई कधी या गाडीत, कधी त्या गाडीत, जिथे खाऊचा डबा असेल तिथे. पंपावर थांबलो, पाय मोकळे केले. भावोजींनी हाक दिली, "सगळे बसले?" सगळ्यांनी एकदमच "बसले, बसले" केलं आणि निघालो. आम्हाला वाटलं आई मामांच्या गाडीत आहे. मामांना वाटलं दादाच्या. दादाला वाटलं आमच्या. आई स्वच्छतागृहात होती. तिची पर्स, तिचा फोन आणि तिचा चष्मा असे तिघे मात्र व्यवस्थित गाडीत बसलेले होते.

घाटात फोन लागत नाही. वर टपरीपाशी थांबलो तेव्हा कुठे उलगडा झाला. परत जाईपर्यंत चांगला पाऊण तास गेला असेल. आई पंपाबाहेरच्या बाकावर हात मांडीत घेऊन बसली होती. आम्हाला बघून ती फक्त म्हणाली, "आलात? चला."

त्यानंतर तिने त्या विषयावर मिठाची गुळणी धरली. ओरडली असती, चार शब्द सुनावले असते, तर आम्ही सुटलो असतो. पण नाही. फक्त प्रवास बंद केला. कुठे चल म्हटलं की गुडघे दुखायचे. दोन वर्षं ती बाजारापलीकडे गेली नाही. आणि भावोजी, ज्यांनी ती हाक दिली होती, ते तेव्हापासून सासूशी बोलताना तिच्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघायला लागले. आईच्या घरी यायचे, दाराच्या कुलपाला तेल घालायचे, कडीचा स्क्रू आवळायचे आणि चहा न घेता निघायचे. मी एकदा म्हटलं, "भावोजी, कुलूप नाही हो रागावलेलं." त्यांना हसू आलं नाही. माझी जीभ अशीच आहे, नको तिथे आधी पोचते.

मग या वर्षी अक्कामावशी पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण एकटीने राहणं संपलं. तिच्या मुलाने सांगितलं की महिनाअखेर तिला विमानाने आपल्याकडे नेणार. तो राहतो तिथे जायला आईला या जन्मात जमणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मावशी फोनवर रोज विचारायची, "चिमे, येतेस का गं?" सत्तरीतल्या माझ्या आईला चिमी म्हणणारं ते एकच माणूस उरलंय. आई म्हणायची, "बघू." मग बॅग काढायची, दोन साड्या भरायची आणि दुसऱ्या दिवशी साड्या परत कपाटात. मी ते बघत होते. तिला जायचं होतं. जीव तुटत होता तिचा. पण त्या रस्त्यावर ती पाय ठेवायला तयार नव्हती, आणि आम्ही कुठल्या तोंडाने आग्रह करणार?

भावोजींनी आग्रह केला नाही. ते वॉकीटॉकी शोधायला लागले.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. तीन गाड्या, घाटात फोन नाही, म्हणजे गाड्यांना एकमेकींशी बोलता आलं पाहिजे. आणि निघताना कोण कुठे बसलंय ते ज्याच्या-त्याच्या तोंडून ऐकू आलं पाहिजे. महागडे सेट आपल्याला परवडत नाहीत आणि लागतही नाहीत. वर्षातून दोनदा वापरायची वस्तू. तेव्हा स्वस्तातला, पण धड. दुकानदाराने खोकं पुढे केलं. खोक्यावर लिहिलेलं, दहा किलोमीटर. भावोजी म्हणाले, "माझ्याकडच्या एका कुलपाच्या खोक्यावर हत्ती लटकलेला दाखवलाय. ते कुलूप मी हेअरपिनने उघडतो."

"मोकळ्या मैदानात जातं हो दहा," दुकानदार म्हणाला.

"आम्हाला घाटात जायचंय."

"घाटात... एक धरा. वळण आडवं आलं तर अर्धा."

खरं बोलणारा दुकानदार भेटला म्हणून भावोजी खूश झाले. त्याच्याकडून दोन दिवसांच्या बोलीवर एकेक जोडी घरी न्यायची, तपासायची, परत द्यायची असं ठरवून आले. आणि तपासायला माणूस कोण? मी. मी दातांच्या दवाखान्यात बसते, पेशंटांना वेळ देते. भावोजींनी मला जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याखालच्या तळघरात, गाड्यांच्या पार्किंगमध्ये उभं केलं आणि स्वतः रस्त्याने चालत सुटले. मी काय बोलायचं? तर काहीही. मी पेशंटांची गाऱ्हाणी सांगत बसले. एक बाई गाडीतून उतरल्या आणि मला खांबाशी उभं राहून "खालची दाढ हलतेय, खालची दाढ हलतेय" म्हणताना बघून लांबून वळसा घालून गेल्या.

पहिली जोडी लाल-पिवळी, दिसायला खेळण्यातली, आणि निघालीही तशीच. त्यात भावोजींचा आवाज कमी आणि पलीकडच्या बांधकामावरचा क्रेनवाला जास्त. "वर घे, वर घे, थांब, अरे थांब!" मी खरंच थांबले. दुसऱ्या जोडीला एवढी बटणं होती की विचारू नका. टॉर्च, रेडिओ, घड्याळ, भोंगा, हवामानसुद्धा. एक ना धड भाराभर चिंध्या. भावोजी म्हणाले, "हे मामांच्या हातात दिलं तर पहिल्या वळणावर भोंगा वाजेल." मामांना मी ओळखते; वळणाचीही वाट बघितली नसती.

तिसरी जोडी काळी, ठेंगणी, जाड. वर एक गोल खुंटी, फिरवली की टक् आवाज होऊन सुरू. तीच आणखी फिरवली की आवाज मोठा. बाजूला बोलायचं एकच बटण. चार्ज होते, आणि चार्जिंग संपलं तर साधे पेन्सिल सेल घालता येतात. सेल कुठल्याही टपरीवर मिळतात. आतला एक नंबर लावला की आपले सेट फक्त आपलंच ऐकतात, क्रेनवाला बाहेर राहतो. तळघरातून मी बोलत होते आणि भावोजी चौकापलीकडच्या बेकरीपर्यंत पोचले तरी माझी दाढ त्यांना ऐकू येत होती. परवानाबिरवाना लागत नाही, एवढ्या लहान सेटला, दुकानदार म्हणाला. एक गोष्ट मात्र त्याने आधीच सांगून ठेवली. महागातले सेट कुणी फार वेळ बटण दाबून ठेवलं तर आपले आपण बंद होतात, बाकीच्यांना वाट मोकळी करून देतात. यात तसं काही नाही.

"खरं तर तेच आमच्या घराण्यात हवं होतं," भावोजी म्हणाले. पण घेतले हेच. जोडीने मिळतात म्हणून दोन जोड्या. तीन गाड्यांत तीन आणि एक वरकड.

मग आईच्या बैठकीच्या खोलीत तालीम झाली. आमच्या घरात बोलण्याची पद्धत अशी आहे की पहिल्याचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याने त्याचं उत्तर दिलेलं असतं आणि तिसऱ्याने विषय बदललेला असतो. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. आमच्याकडे सगळेच बोरवाले, गिऱ्हाईक कुणी नाही. गिऱ्हाईक एक आई. ती बोलायला तोंड उघडायची, कुणीतरी मधे घुसायचं, आणि ती तोंड मिटून भाजी निवडायला लागायची.

वॉकीटॉकीचा कायदा याच्या बरोबर उलटा. एका वेळी एकच बोलणार. तो बोलत असताना बाकीच्यांनी ऐकायचं, कारण दुसरं काही करताच येत नाही. भावोजींनी सगळ्यांना पढवलं, "आधी दाबायचं, एक श्वास थांबायचं, मग बोलायचं. झालं की 'बोला' म्हणायचं आणि सोडायचं." मामा आधी बोलायचे आणि मग दाबायचे, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य शेपटीपासून ऐकू यायचं. "...तोय का? ...ला!" दादा आणि ताई एकाच वेळी दाबून बसले आणि नुसती खरखर झाली. मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "मला सेटशिवाय सगळं ऐकू येतंय!"

आई खुर्चीत बसून हे बघत होती. गोंधळ ओसरल्यावर ती म्हणाली, "माझ्या गाडीतला माझ्या हातात देणार का?"

मामांनी हातातला सेट खाली ठेवला.

"तुमच्याच हातात, आई," भावोजी भिंतीकडे बघत म्हणाले.

"आणि मी शेवटच्या गाडीत बसणार. माझ्या मागे कुणी नको."

"हो."

"मग येते."

माझा जीव भांड्यात पडला. ताईने तर तोंड धुवायचं निमित्त करून आत जाऊन डोळे पुसले.

एकच अडचण राहिली. आईच्या बोटांचे सांधे धरलेले. अंगठ्याने ते बटण तिला दाबवेना. दोन्ही हातांनी दाबलं तर सेट निसटून मांडीवर. भावोजींनी तिचा सेट उचलला, "उद्या देतो," म्हणाले. दुकानात बसून त्यांनी तो उघडला आणि बटणाखालची स्प्रिंग बदलली. कुलपातल्या स्प्रिंगा त्यांनी आयुष्यभर हाताळल्यात. त्यातली एक अशी शोधून बसवली की नुसतं बोट टेकवलं तरी बटण आत जावं. दुसऱ्या दिवशी आईने दाबून बघितलं. "लोण्यासारखं झालंय," ती म्हणाली. भावोजींच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी उजळलं, पण बघत होते ते बटणाकडेच.

निघालो सकाळी. निघताना भावोजींनी "सगळे बसले?" विचारलं नाही. ते वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही मी. त्यांनी एकेक गाडी विचारली. मामांच्या गाडीतून उत्तर आलं, "...सलो आहोत, ...ला!" मग भावोजींनी बटण दाबलं, श्वास घेतला. "आई?"

थोडी खरखर, आणि मग तिचा आवाज, अगदी कानाशी. "बसलेय. बोला."

रस्ताभर सेट उत्तम चालले. ट्रक येतोय, खड्डा आहे, डावीकडे गुरं आहेत. मामा मधूनच आपल्याला भूक लागल्याचं जाहीर करायचे. घाट सुरू व्हायच्या आधी धुकं लागलं. आधी झाडांच्या शेंड्यांवर होतं, मग रस्त्यावर उतरलं, मग मागच्या मामांच्या गाडीचे फक्त दोन पिवळे दिवे राहिले, आणि दादाची गाडी तर दिसेनाशीच झाली. आणि नेमका तेव्हा तो पेट्रोल पंप आला.

भावोजींनी तिथे थांबायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. आदल्या गावातच टाक्या भरून घेतल्या होत्या. पंप आला तशी त्यांनी मान सरळ ठेवली. बाक होता तिथेच. त्याच्यावर कुणाची तरी सायकल टेकलेली होती. पंप मागे पडला.

थोड्या वेळाने सेट जागा झाला. आधी गाडीच्या इंजिनाची घरघर, मग वहिनीचा आवाज, लांबून, "आई, हाच ना हो तो बाक?"

आणि मग आईचा, जवळून, "हाच."

ताई म्हणाली, "अगं, आईच्या हातातलं बटण दाबलं गेलंय. तिला माहीत नाहीये." मी आमच्या सेटचं बटण दाबून "आई, बटण सोड" म्हटलं. काही उपयोग नव्हता. तिचा सेट बोलत होता. बोलणाऱ्या सेटला ऐकू येत नाही. तिने घाटाच्या भीतीने तो घट्ट धरला असणार. नुसतं बोट टेकवलं तरी आत जाणारं बटण.

"तेव्हा फार घाबरला असाल ना?" वहिनीने विचारलं.

"छे गं. आधी हसूच आलं. बाहेर आले तर तीन गाड्यांच्या जागी तीन तेलाचे डाग. म्हटलं आता आठवतील, मग आठवतील. मग मी विचार करायला लागले, की कुणाला आधी कळेल. तुझ्या नवऱ्याला तर नाहीच."

"आई!" दादाचा आवाज.

"तू पुढे बघून चालव. मामाला तर स्वतःशिवाय कुणाचा आवाजच ऐकू येत नाही. पोरी दोघी आपल्या तोंडाळ." हे ताईला आणि मला. "एवढ्या बडबडीत माझा आवाज नाही, हे कळणार कसं? मी बोलते कुठे? त्याचंच वाईट वाटलं बघ. विसरल्याचं नाही. माणूस घाईत विसरतं. पण मी नसले तर आवाजात काही कमी होत नाही, हे त्या बाकावर बसून कळलं मला."

मी दोन वर्षं आईच्या रागाची कल्पना करत होते; त्यात हे कुठेच नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"मग वाटलं, जावईबापूंना कळेल," आई सांगत होती. "आणि तेच आले की नाही? गाडी थांबायच्या आधी दार उघडलं होतं त्यांनी. धावत आले, एका पायात चप्पल. दुसरी रस्त्यातच राहिली. माझ्यासमोर उभे राहिले, 'चुकलं आई' म्हणाले, आणि पुढे शब्द फुटेना. एवढा मोठा माणूस. मी म्हटलं, चला. आणखी एक शब्द बोलले असते तर मी तिथेच रडले असते, आणि मग सगळ्यांचीच रडारड."

भावोजींचे हात स्टिअरिंगवर होते. ते समोर धुक्यात बघत होते आणि त्यांची हनुवटी हलत होती.

"तेव्हापासून माझ्या नजरेला नजर देत नाहीत. त्यांना वाटतं मी रागावलेय."

"नाही रागावलात?"

"नाही गं बाई! त्यांच्यावर कसली रागावते? मला मेलीला लाज वाटली, माझ्यापायी सगळ्यांचा प्रवास नासला म्हणून. म्हटलं, घरी बसावं, कुणाच्या डोक्याला ताप नको. बाकी दर महिन्याला येऊन माझ्या कुलपाला तेल घालून जातात ते. इतकं तेल, की किल्ली लावायच्या आधीच उघडतं."

"मग सांगायचं ना त्यांना तसं."

"कसं सांगू? सासूने जावयाला बोलावून काय म्हणायचं, या बसा, मी रागावले नाही? शिवाय बोलायला लागले की तुम्ही कुणीतरी मधे बोलता."

आई मग मावशीबद्दल बोलत राहिली, लहानपणी दोघी एकाच पांघरुणात झोपायच्या आणि मावशी सगळं ओढून घ्यायची, असलं काहीतरी. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा जाणवलं की माझ्या आईला गोष्ट सांगता येते. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं. आम्ही कधी शेवटापर्यंत जाऊच दिलं नव्हतं.

मग तिचा आवाज बदलला. "काय गं, किती वेळ झाला, हे बोलतच नाही. मामासुद्धा गप्प? असं कसं होईल?" पाठोपाठ खडखड, तिने सेट हलवला असावा. "बिघडला का? पुढचे दिवे दिसतायत का रे तुला?"

"धुकं आहे आई. असतील पुढे."

"गेले वाटतं पुढे," आई म्हणाली. हळूच म्हणाली, पण बटण दाबलेलंच होतं.

भावोजींनी गाडी बाजूला घेतली. डोंगराच्या अंगाला जागा बघून, दिवे लुकलुकते ठेवून थांबवली आणि दार उघडून ते उतरले. मागोमाग मामांची गाडी येऊन थांबली. मामांनी काच खाली केली. त्यांचे डोळे लाल होते, आणि देवाशपथ सांगते, ते एक शब्दही बोलले नाहीत. भावोजी त्यांच्या गाडीच्या बाजूने धावत मागे गेले, धुक्यात. मी त्यांच्यामागे. रस्त्याच्या कडेने दोघं हात हलवत उभे राहिलो. दादाच्या गाडीचे दिवे आले, हळू झाले, थांबले.

भावोजी आईच्या खिडकीशी वाकले. आईने काच उतरवली.

"काय झालं? कुणाला लागलं का?"

"कुणाला नाही. सगळे इथेच आहेत, आई. पुढे कुणी गेलं नाही." त्यांना धाप लागली होती. "सेट बघायला आलो." आणि त्यांनी तिचा अंगठा बटणावरून हळूच उचलला. त्याबरोबर सेटमधून मामीचं नाक शिंकरणं ऐकू आलं.

आईने सेटकडे बघितलं. मग अंगठ्याकडे. मग भावोजींकडे. भावोजी भिंतीकडे बघू शकत नव्हते, कारण भिंत नव्हती. नुसतं धुकं होतं. ते तिच्याकडेच बघत होते.

"ऐकलंत?"

"हो."

"सगळं?"

"बाकापासून. सगळ्यांनी."

आईने पदराचं टोक तोंडाला लावलं. मला वाटलं आता संपलं, आता गुडघे दुखणार, गाडी वळवा म्हणणार. तिचे खांदे हलायला लागले. हसत होती ती. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने भावोजींच्या गालाला हात लावला.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता वेगळं सांगायला नको."

भावोजी रस्त्यात उभे राहून लहान मुलासारखे रडले. जरा वेळाने नाक पुसून म्हणाले, "स्प्रिंग फारच हलकी झाली. मुक्कामाला गेलो की घट्ट करून देतो."

"राहू दे तशीच," आई म्हणाली.

आता चूक कुणाची म्हणायची? दुनियेला कुलपं बसवणाऱ्या माणसाने एका बटणाची स्प्रिंग हलकी केली, आणि दोन वर्षं बंद असलेलं ते उघडलं. दुकानदाराकडचा महागडा सेट घेतला असता तर तो एक मिनिटात शहाण्यासारखा बंद पडला असता. दुवा देते मी त्या स्वस्ताईला.

मावशीकडे दोन दिवस राहिलो. दोघी बहिणी एका पलंगावर, मावशीचा मोडका खुबा एका बाजूला आणि आईचे गुडघे दुसऱ्या बाजूला सांभाळत, बोलत राहिल्या. आम्ही कुणी मधे बोललो नाही. सवय नव्हती, अवघड गेलं. मामा तर दोनदा उठून बाहेर जाऊन आले.

निघायच्या वेळी आईने भावोजींकडे वरकड सेट मागितला आणि तो मावशीच्या हातात दिला. आधी दाबायचं, मग बोलायचं, तिनेच शिकवलं. निरोप असा काही घेतला नाही. "येते," म्हणून ती तरातरा गाडीत जाऊन बसली. पण गाड्या फाटकाबाहेर पडल्या तशी मावशी सेटवर आली.

"चिमे, नीट बसलीस का?"

"बसलेय गं."

"पांघरूण घेतलंस? घाटात गार असतं."

"घेतलंय. तूच ओढून घ्यायचीस, आठवतं का?"

"मी कुठे? तूच."

तिन्ही गाड्यांत कुणी बटणाला हात लावला नाही. भावोजींनी गाडी इतकी हळू चालवली की मागून भोंगे वाजले. पहिलं वळण गेलं, मावशीचा आवाज जरा खरखरला. दुसऱ्या वळणावर शब्द तुटायला लागले. "...हाताने... लाव... कळव..." आई प्रत्येकाला "हो" म्हणत होती. मग डोंगर आडवा आला आणि खरखरही थांबली. अर्धा किलोमीटर, दुकानदार खोटं बोलला नव्हता.

भावोजींनी बराच वेळ जाऊ दिला. मग बटण दाबलं, श्वास घेतला.

"आई?"

"आहे मी," ती म्हणाली. "चला."